खोटा झिंगा, खरा मासा

मोडनिंबाहून समुद्र चांगलाच दूर. मग खाऱ्या पाण्यातल्या गळाची गोष्ट इथं कशाला, असं कुणी विचारील. पण भीमेच्या कडेला ज्यांनी गळ टाकून वाट पाहिली आहे, त्यांना ती लगेच उमजेल.

आपण गळाला गांडूळ नाहीतर झिंगा लावतो. काही हौशी माणसं पिसं, केस आणि दोरा गळावर गुंडाळून खोटाच झिंगा करतात. मासा काय इतका खुळा? खुळा नव्हे, पण तो रूपाआधी चाल बघतो.

गुरुजींनी हे वर्गात दाखवावं. काचेच्या बरणीत नदीचं पाणी घेऊन जिता झिंगा सोडावा. एरवी तो पायांनी सावकाश पुढं चालतो. काडीनं हळूच डिवचला, की शेपूट पोटाखाली आवळून सपकन मागं उडतो. तोंड वैऱ्याकडं आणि पळ शेपटीकडं! (धडा झाला की बिचाऱ्याला नदीत सोडा.) समुद्रातली कोळंबीही अशीच पळते. म्हणून खोट्या झिंग्याचे डोळे गळाच्या वाकाकडं बांधतात आणि दोरी शेपटीकडं. थोडी थोडी ओढून थांबलं, की तो भ्यालेल्या झिंग्यासारखा मागं सरकतो.

बहामा बेटांवर १९७७ साली बॉब नॉहाइम या अमेरिकनानं एक गळ बांधला. वाटाड्या चार्ली स्मिथ याचं नाव त्याला मिळालं. डोळ्यांना साखळीचे मणी लावलेले. त्या वजनानं गळ पालथा होतो, टोक वर राहतं आणि तळाच्या गवतात अडकत नाही.

पण पिसाला वजन नाही, ते लांब जाणार कसं? शिसं लावलेला गळ आपण गोफणीच्या दगडासारखा भिरकावतो. इथं दोरीच जाड आणि जड. ती आसुडासारखी मागं न्यायची, पुरती उलगडू द्यायची, मगच पुढं. घाई केली तर आसूड वाजतो आणि पीस तुटून जातं!

कोकणच्या खाड्यांत जिताडा कोळंबी आवडीनं खातो. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फार मोठा जिताडा बहुधा मादीच. जितं आमिष मासा पोटापर्यंत गिळतो, मग सोडला तरी जगणं कठीण. खोटा झिंगा बहुधा ओठातच रुततो. तेव्हा गळाचा उलटा दात पक्कडीनं आधीच दाबून टाकावा, मोठी मादी हात ओले करून सोडावी, आणि घरी आल्यावर गळ गोड्या पाण्यात धुवावा. खारं पाणी लोखंड खातं.