हातपंपापर्यंतचा दम

आकडा लगेच वाचायचा नाही, हे घरोघर तपासणी करणाऱ्या आशाताईंचं पहिलं पथ्य. ऑक्सिमीटरचा चिमटा आजींच्या मधल्या बोटाला लागतो, आत लाल उजेड पेटतो आणि पडद्यावर ८४, ९५, ८७ असं काहीबाही नाचू लागतं. ताई तिकडे बघतही नाहीत. आधी आजींना कुडाच्या भिंतीला टेकून स्वस्थ बसवलेलं असतं, भांडी घासून गारठलेले हात चोळून त्यांत ऊब आणलेली असते. बोट गार असलं की तिथे रक्त कमी पोचतं आणि यंत्र भलतंच सांगतं. नाडी एका जागी ठरली की मगच वरचा ऑक्सिजनचा आकडा. आज ९१. वहीत नोंद, पानाचा मोबाइलवर फोटो. सायवनच्या या पाड्यावर रेंज नाही; फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेल तो ताई मोठ्या रस्त्याला लागल्यावर.

घरबसल्या फुप्फुसांवर डिजिटल नजर ठेवणं म्हणतात, त्याचं डहाणूच्या पूर्व भागातलं रूप हे एवढंच आहे. आणि ते कमी नाही. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हाच चिमटा घेऊन आरोग्यपथकं दारोदार फिरली, तेव्हापासून पाड्यांना तो ओळखीचा झाला. कोविडची साथ ओसरली, दमेकरी होते तिथेच राहिले.

आजींनी बिडी कधी ओढलेली नाही. पण जन्म चुलीपाशी गेला, आणि पावसाळ्यात ओली लाकडं फुंकताना कारवीच्या कुडाच्या घरात धूर किती साचतो, ते दहा मिनिटं आत बसलं की कळतं. माझे डोळे तर चहा होईपर्यंतच वाहायला लागले. पीटर बार्न्स आणि पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो सरकारी फॉर्म भरतात त्यातही सरपण, गोवरी, वीटभट्टी यांची विचारणा असते. खोकला दोन आठवड्यांवर गेला, की आधी थुंकी टीबीसाठी तपासायची, हा इथला शिरस्ता. सीओपीडीचं निदान मात्र स्पायरोमीटरवर जोरात फुंकूनच होतं. बोटावरच्या चिमट्याचं ते काम नाही.

चिमटा करतो काय, तर ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवतो आणि धडधडत्या रक्ताने कुठला किती शोषला ते मोजतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांची ही १९७०च्या दशकातली युक्ती. तिचा एक उणेपणा इथे लक्षात ठेवायलाच हवा: अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात, डिसेंबर २०२० मध्ये, असं दिसलं की काळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवण्याची शक्यता मोठी. उन्हातान्हात रापलेल्या बोटावरचा ९१ म्हणजे खरोखर ९१ असेलच असं नाही.

म्हणून ताई एका आकड्यावर विसंबत नाहीत. मागचं पान उलटतात, आजींचाच गेल्या खेपेचा आकडा बघतात. मग म्हणतात, “आजी, हातपंपापर्यंत जाऊन या बरं. सावकाश.” कोविडकाळात सहा मिनिटं चालायची चाचणी सांगितली जायची, तिचंच हे पाड्यावरचं रूप. आजी परततात, पुन्हा चिमटा. ८७.

“मध्ये थांबलात का?”

“चिंचेखाली थांबले.”

“मागच्या वेळी?”

“तवा नव्हते थांबले.”

हे चिंचेखालचं थांबणं टिपायला फॉर्ममध्ये रकाना नाही. ताई समासात लिहितात. थुंकी पिवळी झाली का, रात्री उशी उंच घ्यावी लागते का, हेही समासातच. माझ्या मते खरी नजर त्या समासात आहे. स्कॉटलंडमध्ये २५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ साली ‘बीएमजे’त आला: स्वतःची काळजी कशी घ्यायची हे शिकवलेलं आणि आरोग्यसेवा हाताशी असेल, तर नुसतं दूरनिरीक्षण जोडल्याने रुग्णालयात दाखल होणं लांबत नाही. तिथे यंत्रं आपल्यापेक्षा कितीतरी बरी होती.

मग औषध बघायची पाळी. आजी डबीतून रोटाहेलरची कॅप्सूल काढतात आणि तांब्याकडे हात नेतात. ताई हात धरतात. ही गिळायची नाही, यंत्रात फोडून पावडर ओढायची. पुन्हा एकदा दाखवतात, ओढल्यावर श्वास रोखून धरायला लावतात, मग चूळ भरायला सांगतात. पुष्कळ दमेकऱ्यांचं औषध असं सरळ पोटात जातं. ते बोटावरच्या आकड्यात कळत नाही, समोर बसून बघावं लागतं.

भातकापणी उरकत आली आहे. दिवाळीनंतर मुलगा-सून वीटभट्टीवर जातील, नातवंडांना सांभाळायला आजीही. म्हणजे वहीतली पुढची पानं पावसापर्यंत कोरी, आणि धूर चुलीच्या जोडीला भट्टीचा. ताई एका कागदावर मोठ्या अक्षरात आजींचा नेहमीचा आकडा, औषधाचं नाव, आरोग्य केंद्राचा नंबर लिहितात आणि कॅप्सूलच्या डबीत घडी घालून ठेवतात.

“भट्टी कुठली यंदा?”

“भिवंडीकडली.”

“मुकादमाचा फोन आहे?”

सून आत जाऊन मोबाइल आणते. बॅटरी दोन टक्के. ताई घाईघाईने नंबर समासात उतरवतात.