पाळीव परदेशी कासव तळ्यात सोडू नका

काही दिवसांपूर्वी खापर येथे शेततळ्याची पाहणी चालू असता एक शेतकरी बंधू जवळ आले व म्हणाले, “साहेब, मुलाने सुरतेहून रुपयाएवढे कासव आणले होते. आता ते ताटलीएवढे झाले. काचेच्या पेटीत मावत नाही. शेततळ्यात सोडले तर तेवढेच पुण्य लागेल ना?” “भाऊ, तेवढे मात्र करू नका,” असे मी त्यांस सांगितले. त्यांचा हेतू दयेचा होता, यात शंका नाही. तथापि अशा दयेतूनच गावाच्या पाण्यावर कायमचे संकट ओढवू शकते. ते कसे, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

हे कासव कोणते?

बाजारात शोभेच्या माशांबरोबर विकले जाणारे हे हिरवे पिल्लू बहुधा लाल कानाचे कासव असते. डोळ्यामागे लाल पट्टा आणि मानेवर व पायांवर पिवळ्या रेघा, ही त्याची खूण होय. त्याचे मूळ स्थान अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. विकत घेताना ते जेमतेम एक इंचाचे असते; पूर्ण वाढ झाल्यावर त्याची पाठ दहा इंचांपर्यंत वा अधिकही होते आणि ते वीस-तीस वर्षे जगते. विकणारा ही गोष्ट सहसा सांगत नाही. त्यामुळे हौस सरली, की ते जवळच्या पाण्यात सोडले जाते.

हानी कशी होते?

हे कासव पाणवनस्पती, किडे, गोगलगायी, बेडूक व लहान मासे असे सर्व काही खाते. मादी काठावरील मातीत एका वेळी साधारणतः दहा-पंधरा अंडी घालते व एका हंगामात एकाहून अधिक वेळा घालू शकते. ऊन घेण्याच्या जागा व अन्न यांसाठी ते स्थानिक कासवांशी स्पर्धा करते. आपल्याकडील मऊ पाठीचे कासव मेलेले मासे व किडे खाऊन पाणी स्वच्छ राखण्यास साहाय्य करते. परक्या कासवामुळे त्याच्यावर उपासमारीची पाळी येऊ शकते. शिवाय या कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. या कारणास्तव अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यास बंदी केली. स्थानिक कासवांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने १९९७ साली या कासवाची आयात थांबविली. भारतात आसाम व केरळ येथील जलाशयांत ते आढळले आहे, आणि मुंबई-पुण्यातही सोडून दिलेली अशी कासवे मिळाली आहेत.

‘एका कासवाने काय होणार?’ असे प्रत्येकास वाटते. परंतु दहा घरांनी एकेक सोडले, की तळ्यात दहा होतात. घाणेरी हे झुडूप व जलपर्णी ही वनस्पती शोभेसाठीच या देशात आणली गेली. आज घाणेरीने चराऊ राने व्यापली आहेत आणि जलपर्णीने नद्या-तळी. पसरलेले काढण्यापेक्षा न पसरू देणे स्वस्त, हा धडा आपण तणांच्या बाबतीत शिकलोच आहोत.

दोष प्राण्याचा नव्हे

अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात पाळलेले ब्रह्मी अजगर दलदलीत सुटले व वाढले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, तेथे रात्री रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकून या प्राण्यांची संख्या सुमारे ९९ टक्क्यांनी घटली होती. हाच अजगर आशियातील आपल्या मूळ रानात मात्र निसर्गाचा समतोल राखतो. सातपुड्यातील अजगर व घोरपड हे आपल्या भूमीचे मूळ रहिवासी असून कायद्याने संरक्षित आहेत. उंदीर, घुशी खाऊन ते पिकांचे रक्षण करतात. परक्याच्या भीतीने त्यांस मारणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय शेतीचे नुकसानही आहे.

वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आहे. तीनुसार आक्रमक परदेशी जातींची आयात, व्यापार व बाळगणे यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. इग्वाना, परदेशी अजगर अशा आंतरराष्ट्रीय करारातील प्राण्यांची नोंदणीही आवश्यक ठरली आहे.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१. मुलांच्या हट्टाखातर परदेशी कासव, सरडा वा साप विकत घेऊ नये.

२. घरी असल्यास नदी, नाला, शेततळे वा देवळाचे कुंड यांत सोडू नये, मारूही नये. वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

३. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या पेटीतील पाणी विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये.

४. तळ्यात लाल पट्ट्याचे कासव दिसल्यास छायाचित्र काढून वनरक्षकास दाखवावे. ओळख पटल्यावाचून कोणतेही कासव पकडू नये, कारण स्थानिक कासवे पकडणे व पाळणे गुन्हा आहे.

खापरच्या त्या बंधूंनी कासव पेटीतच ठेवले व वन विभागास कळविले. त्यांच्या शेततळ्यात आज केवळ त्यांनी सोडलेले मासेच वाढत आहेत. गावाचे पाणी असे निर्मळ राखणे, यासारखे दुसरे पुण्य नाही.