छायाचित्रांची ऑनलाइन साठवण : जागा किती मिळते, यापेक्षा परत काय मिळते हे महत्त्वाचे

वाराणसी : काशीत नारद घाटाला लागून असलेला दगडी घाट आज बहुतेकांना राजाघाट या नावाने ठाऊक आहे. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी तो दगडात बांधून घेतला, म्हणून जुन्या उल्लेखांत तो अमृतराव घाट या नावाने येतो. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेली कुटुंबे येथील पायऱ्यांवर छायाचित्रे काढतात आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत ती भ्रमणध्वनीतून एखाद्या ऑनलाइन सेवेकडे पोहोचलेलीही असतात. ती सेवा कोणती, ती छायाचित्रे किती वर्षे ठेवणार आणि मागितल्यास कोणत्या रूपात परत देणार, याची चौकशी मात्र क्वचितच केली जाते.

अशा सेवांचा आजवरचा इतिहास निश्चिंत करणारा नाही. स्थळांची छायाचित्रे नकाशावर मांडणारे ‘पॅनोरामिओ’ हे संकेतस्थळ एकेकाळी घाट, किल्ले आणि देवळे टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकारांचे आवडते होते. ‘गूगल’ने ते २००७ मध्ये विकत घेतले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद केले. त्याच कंपनीची ‘अल्बम अर्काइव्ह’ ही सुविधा जुलै २०२३ मध्ये संपुष्टात आली. भारतात अतिशय लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘मायस्पेस’ने २०१९ मध्ये जुनी छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती नष्ट झाल्याचे मान्य केले.

सेवा बंद न पडताही ग्राहक अडचणीत येऊ शकतो. ‘फोटोबकेट’ने २०१७ च्या जूनमध्ये नियम बदलले आणि तेथे ठेवलेली छायाचित्रे अन्य संकेतस्थळांवर दाखवण्यासाठी वर्षाला ३९९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे २५ हजार रुपये आकारण्यास सुरुवात केली. परिणामी जगभरातील असंख्य पानांवरील चित्रे एका रात्रीत दिसेनाशी झाली. ‘फ्लिकर’ने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट जागा मोफत देऊ केली होती, मालकी ‘स्मगमग’कडे गेल्यावर २०१८ मध्ये ही मर्यादा एक हजार छायाचित्रांवर आणण्याचे जाहीर झाले. ‘गूगल फोटोज’ने २०१५ पासून दिलेली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी थांबवली. आता मिळणाऱ्या १५ जीबी मोफत जागेत ईमेल आणि ड्राइव्हमधील फायलीही मोजल्या जातात. म्हणजे मोफत जागा ही सवलत असते, करार नव्हे. दरवर्षी शुल्क घेणाऱ्या सेवेला निदान ग्राहक टिकवण्याचे कारण असते. अर्थात तीही कायमची हमी नाही.

त्यामुळे सेवा निवडताना पहिला प्रश्न बाहेर पडण्याच्या वाटेचा असावा. सर्व छायाचित्रे एकाच वेळी उतरवून घेता येतात का? ती मूळ आकारात मिळतात का? ‘गूगल फोटोज’मध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडल्यास मोठ्या चित्रांचा आकार कमी केला जातो. मूळ प्रत हवी असल्यास ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडावी लागते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकुंचन पावते आणि फाइलमधील तारीख व स्थानाची मूळ नोंदही गळून पडते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जाते.

तारखेचा मुद्दा घाटांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर त्यांवर गाळ साचतो. त्याच जागेची मे महिन्यातील आणि ऑगस्टमधील छायाचित्रे दोन वेगळ्या घाटांची वाटावीत. तारीख नसेल तर अशा चित्राचे दस्तऐवज म्हणून मोल फारसे उरत नाही. नावाचेही तसेच. ‘राजाघाट’ एवढीच नोंद असलेले चित्र ‘अमृतराव’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती लागण्याची शक्यता कमी. नोंदीत दोन्ही नावे असली तर ते दोन्ही वाटांनी सापडते. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती मिळते, ती नाव, गाव आणि यात्रेचा काळ लिहून ठेवला म्हणूनच. ऑनलाइन अल्बममध्ये लिहिलेल्या ओळी मात्र अनेकदा चित्राच्या फाइलमध्ये नसून सेवेच्या स्वतःच्या नोंदीत असतात. ‘गूगल टेकआउट’मधून छायाचित्रे उतरवली, तर वर्णने वेगळ्या जेसन फायलींमध्ये येतात, त्या निरुपयोगी समजून पुसल्या की वर्णनेही जातात.

याची परीक्षा घेणे अवघड नाही. दहा छायाचित्रे नव्या सेवेत चढवावीत, त्यांना देवनागरीत नावे व वर्णने द्यावीत, नंतर ती संगणकावर उतरवून आकार, तारीख आणि मजकूर जुळतो का ते पाहावे. वर्षाचे शुल्क भरण्यापूर्वी हा अर्धा तास खर्च करणे केव्हाही चांगले.

खातेदाराच्या पश्चात काय, हा प्रश्न कुटुंबे सहसा टाळतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या निधनानंतर त्यांच्या भ्रमणध्वनीचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो आणि वीस वर्षांची छायाचित्रे कुलूपबंद होतात. ‘गूगल’च्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये विश्वासू व्यक्तीचे नाव आधीच देता येते, तर ‘ॲपल’ने डिसेंबर २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय केली आहे. दोन वर्षे वापर न झालेली वैयक्तिक खाती ‘गूगल’ हटवू शकते; हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. त्यामुळे ही नोंद खातेदार हयात असतानाच झालेली बरी.

घाटाच्या वास्तूची छायाचित्रे सर्वांसाठी खुली करायची असल्यास २००४ मध्ये सुरू झालेले ‘विकिमीडिया कॉमन्स’ हा योग्य पर्याय आहे. ते जाहिरातींवर चालत नाही आणि तेथे नोंदी मराठीतही लिहिता येतात. मात्र तेथील मुक्त परवान्यानुसार ते चित्र कोणीही, व्यावसायिक कामासाठीसुद्धा, वापरू शकतो. घरगुती छायाचित्रांना ती जागा नव्हे. शिवाय घाटावर स्नान करणारी किंवा अंत्यविधीसाठी आलेली माणसे ओळखू येतील अशी चित्रे खुली करणे हा साधा सभ्यतेचाही प्रश्न आहे. खासगी अल्बमची दुवा-साखळी पुढे पाठवतानाही सावधगिरी हवी : दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला अल्बम उघडता येतो, हे अनेक सेवांत गृहीत धरलेले असते.

कोणतीही सेवा निवडली, तरी एक प्रत घरातील हार्ड डिस्कवर आणि शक्य असल्यास आणखी एक दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे असावी. हार्ड डिस्क कपाटात पडून राहिल्यानेही बिघडते. वर्षातून एकदा ती संगणकाला जोडून काही फायली उघडून पाहाव्यात आणि पाचेक वर्षांनी मजकूर नव्या डिस्कवर हलवावा.