मामांचे पाटे आणि एका चाकाचं गणित

केळझरला मामांकडे गेले की "पीएचडी कुठवर आली?" हा प्रश्न एकदा विचारून होतो आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. या वेळचा प्रश्न असा होता: "पोरी, जुन्या थारचे पाटे आन् शॉकअप नवीन थारले लागते का? तू तर कंपनाचीच डॉक्टर होऊन राहिली."

मामांकडे जुन्या पिढीतली, म्हणजे 2010 साली आलेली थार होती. कापूस सेलूच्या मार्केटला न्यायचा म्हणून त्यांनी मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला होता आणि चारही शॉकअप बाहेरून घेतलेले, कडक. बऱ्यापैकी पैसे गेले होते. आता घरात 2020 नंतरची नवी थार आलीय, सेकंडहँड. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "दोन ब्रॅकेट वेल्ड करू, बसून जाईल." मामांना ते पटलंही होतं. पण याच गाडीतून आजीला दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणीला नेतात, आणि जुन्या गाडीतून उतरल्यावर आजी दोन दिवस कंबर धरून बसायची. म्हणून मी जरा नीट बसून उत्तर दिलं. तेच इथे लिहिते.

आधी दोन गाड्यांत काय फरक आहे ते बघा. नाव एक, बनतात दोन्ही महिंद्राच्याच, पण खाली वाकून पाहिलं तर दोन वेगळी घराणी. जुन्या थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी सळई. आणि मागे पाटे. नव्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग.

पाट्याची गंमत अशी की तो एकटा दोन कामं करतो. वजन तर पेलतोच, शिवाय ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. ब्रेक दाबला की ॲक्सल मागे सरकू पाहतो, वळणावर बाजूला सरकू पाहतो. त्याला अडवणारा पाटाच असतो. कॉइल स्प्रिंगला हे जमत नाही. ती फक्त वर-खाली जाणते. म्हणून नव्या थारमध्ये मागच्या ॲक्सलला धरायला वेगळ्या दांड्या आहेत, आणि स्प्रिंगकडे फक्त वजनाचं काम. आता या दांड्यांच्या जोडीला पाटेही बसवले तर ॲक्सलला दोन मालक होतात. दांड्या त्याला एका वाटेने वर न्यायला बघणार, पाटे दुसऱ्या वाटेने. या ओढाताणीत बुश फाटतात, नाहीतर वेल्डिंगच्या कडेला चीर पडते. वेल्डच्या लगतचं लोखंड तापून बदललेलं असतं, आणि वारंवार हिसके बसले की चीर बहुतेक तिथूनच सुरू होते.

तेव्हा पाट्यांचा निकाल लागला. मामा म्हणाले, "बरं, पाटे जाऊ दे. शॉकअप तं चांगले आहेत ना?"

मला विचाराल तर खरा प्रश्न हाच. कारण अशी अदलाबदल स्विफ्टवाला स्विफ्टसाठी विचारतो, स्कॉर्पिओवाला स्कॉर्पिओसाठी विचारतो, आणि तिथे कधी कधी भोकं जुळतातही. भोकं जुळली म्हणजे काम झालं, असं सगळ्यांना वाटतं.

गाडीची कंपनं शिकताना आम्ही चार चाकं एकदम घेतच नाही. एक चाक, त्याच्यावरची स्प्रिंग, शॉकअप आणि त्या कोपऱ्यावर येणारं वजन, एवढंच. (केळझरला जुनी एकचक्रानगरी मानतात; बकासुराकडे भीम गाडाभर अन्न घेऊन गेला ती. त्या गाड्याला स्प्रिंग नसणार, पण 'एकचक्र' या नावावर मी आमच्या विषयाचा हक्क सांगून ठेवलाय.)

समजा एक स्प्रिंग एक सेंटिमीटर दबायला 30 किलो लागतात, आणि ती थेट चाकावर उभी आहे. जुन्या गाडीत त्या कोपऱ्यावर 300 किलो येत होते, तर ती 10 सेंटिमीटर दबून बसायची. हीच स्प्रिंग 250 किलोच्या कोपऱ्यात लावली की 8.3 सेंटिमीटरच दबेल. गाडी तेवढी उंच दिसेल, आणि पोरं म्हणतील काय भारी दिसते. पण हेलकाव्यांची गती या दबण्यावरच ठरते: 10 सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे 1.6 हेलकावे, 8.3 ला सुमारे 1.7. साध्या कारमध्ये हा आकडा 1 ते 1.5 च्या आसपास ठेवतात. स्प्रिंग जितकी ताठ, तितका रस्त्याचा बारीक खडखडाट वर पोचतो. आणि सेकंदाला 4 ते 8 या पट्ट्यातली उभी कंपनं बसलेल्या माणसाच्या धडाला सगळ्यात जास्त जाणवतात. आजीची कंबर इथे येते. जुन्या गाडीत वाढवलेला पाटा कापूस भरलेला असताना बरोबर होता. आजीला नेताना गाडी रिकामी असायची.

यापुढची गोष्ट कोणी सांगत नाही. स्प्रिंग बहुतेक गाड्यांत थेट चाकावर नसते, आर्मवर मध्येच कुठेतरी टेकलेली असते. दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा, म्हणजे कळेल. चाक 10 सेंटिमीटर उचललं तेव्हा स्प्रिंग 7 च दबत असेल, तर तिचा ताठपणा चाकापर्यंत 0.7 पट पोचत नाही, 0.7 चा वर्ग, म्हणजे जेमतेम अर्धा पोचतो. एकदा जोर कमी पडतो, एकदा अंतर, म्हणून वर्ग. आपली 30 ची स्प्रिंग चाकाला 15 ची वाटते. दुसऱ्या मॉडेलमध्ये टेकायची जागा आत सरकली आणि 7 चे 6 झाले, तर तीच स्प्रिंग 11 ची. डब्यावर छापलेला आकडा स्प्रिंगचा असतो, गाडीचा नसतो. शॉकअपलाही हाच वर्गाचा हिशेब लागतो.

शॉकअप हे नाव तसं फसवं आहे. धक्का स्प्रिंग खाते. शॉकअप फक्त नंतरचं झुलणं मारतो, तेल बारीक भोकांतून दामटून, उष्णता करून. पाट्यांच्या गाडीत पाटे एकमेकांवर घासूनही झुलणं थोडं मरतं, आणि शॉकअप ती मदत धरूनच निवडतात. कॉइलमध्ये ती मदत जवळपास शून्य. शिवाय लांबी: बंद लांबी जास्त असलेला शॉकअप खड्ड्यात स्प्रिंगच्या आधी टेकतो, आणि मग सगळा मार त्याच्या नटावर आणि चेसीवर.

रबरी बुश मात्र कधीच एका गाडीतून दुसरीत नेऊ नका. हा माझ्या प्रयोगशाळेचा विषय, म्हणून हट्टाने सांगते. हवेतला ऑक्सिजन आणि वर्ध्याचा 45 अंशांचा उन्हाळा यांनी रबर आतून ताठ होतं. वरून चीर दिसायच्या आधीच ते ऊर्जा खायचं सोडायला लागतं.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर 2019 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र जुळणार नाही असा बदल चालत नाही. चेसीला वेल्डिंग करण्याआधी विमावाल्याला फोन केलेला बरा.

घरी करून बघायचं असेल तर एक टेप पुरे. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. मग हरभऱ्याची 50 किलोची चार पोती बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर ठेवा, गाडी दोन-चार हात पुढे-मागे करा, म्हणजे अडकलेलं काही असेल ते सुटेल, आणि पुन्हा मोजा. 200 किलोला 4 सेंटिमीटर उतरली, तर दोन्ही बाजू मिळून सेंटिमीटरला 50 किलो, एका बाजूला 25. हा आकडा चाकापाशीचा, म्हणजे खरा. नवीन गाडीसाठी सामान घेताना आपल्या भाराला किती उतरायला हवी हे यावरून ठरवा, आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेलं घ्या.

आम्ही मोजलं. मामांनी तीनदा मोजायला लावलं, कारण पहिल्यांदा टेप माझ्या मामेभावाच्या हातात होती. नवीन थार आहे तशीच ठेवायची ठरली, आणि शॉकअप जुन्या गाडीबरोबर तिच्या नव्या मालकाला गेले. वाढवलेले दोन पाटे काढून घेतले होते, त्यांतला एक तडकलेला निघाला. तो मामांनी गावातल्या लोहाराकडे टाकलाय, कुऱ्हाड करायला.