घरात मांजर व्याली की…

पावसाळा तोंडावर आला की बोईसरजवळच्या बेटेगावात, जुन्या चाळींत आणि नव्या इमारतींच्या तळमजल्यांवर, गाभण मांजरी कोरडी जागा शोधत फिरू लागतात. जिन्याखालची अडगळ, पोटमाळा, दार किलकिलं राहिलेलं कपाट, सगळं हुंगून झालं की एका रात्री त्यातली एक जागा मांजरी आपली करून टाकते. तारापूरच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून आलेल्या माणसाला सकाळी कपाटातल्या गोधडीवर तीन-चार ओली पिल्लं दिसतात आणि घरात प्रश्न उभा राहतो, आता यांचं काय करायचं?

पहिल्या दिवशी बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. साधारण ६३ ते ६५ दिवसांच्या गर्भारपणानंतर मांजरी व्यायते, नाळ स्वतः तोडते, वार खाऊन टाकते आणि पिल्लांना चाटून कोरडं करते. पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमचं असतं. रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं त्याला मुख्यतः आईच्या चिकातून मिळतात आणि त्याचं आतडं ती अखंड शोषून घेऊ शकतं ते जन्मानंतरचे जेमतेम सोळा तास. या वेळात आपण पिल्लं हाताळत, फोटो काढत, शेजारपाजाऱ्यांना दाखवत बसलो, तर आई बिथरते आणि पाजायचं सोडून पिल्लं हलवायच्या मागे लागते.

दोन कामं मात्र लगेच करावीत. कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्या काढून टाकाव्यात आणि त्या खोलीत फिनेलनं लादी पुसणं थांबवावं. फिनॉलसारखी द्रव्यं निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची एक महत्त्वाची रासायनिक वाट मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. मांसावरच जगणाऱ्या या प्राण्याला वनस्पतींतली विषं पचवण्याची गरज क्वचितच पडली, म्हणून पिढ्यान् पिढ्या ती वाट मोडकळीला आली, असं संशोधक मानतात. माणसाला तापात दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, तीही याच कारणानं. मांजरी लादीवर चालते, पंजे चाटते आणि तीच जीभ पिल्लांच्या अंगावर फिरवते. त्या खोलीपुरतं साधं साबणाचं पाणी वापरावं आणि नंतर लादी स्वच्छ पाण्यानं पुसून घ्यावी.

जन्मलेल्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कान दुमडलेले असतात. तरीही ते अंधारात चाचपडत नसतं, कारण वास आणि ऊब या दोन गोष्टी त्याला पहिल्या घटकेपासून कळतात. अमेरिकेत जे रोझेनब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी दाखवलं, की डोळे न उघडलेली पिल्लंही वासाच्या मागावर आपल्या कोपऱ्याकडे सरपटत परत येतात. मेक्सिकोत रॉबिन हडसन यांच्या गटानं स्तनपानाचा अभ्यास केला. पहिल्या काही दिवसांतच बहुतेक पिल्लांचं आपापलं आचळ ठरून जातं आणि ती पुन्हा पुन्हा तिथंच येतात, असं त्यांना दिसलं. पिल्लांच्या जागेला इतका अर्थ असतो. म्हणून ‘घाण झाली’ म्हणून खालची गोधडी रोज बदलू नये. बदलावीच लागली, तर जुन्या कापडाचा एक तुकडा नव्यावर ठेवावा.

ऊब तर त्याहून नाजूक. मोठ्या मांजराचं अंग ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं त्याहून दोन-तीन अंश कमी. सुरुवातीचे काही दिवस त्याला थंडीनं कुडकुडून अंग तापवताही येत नाही. पालघरच्या पावसात थंड पडलेली लादी, वर फिरणारा पंखा आणि बाहेर गेलेली आई, एवढं जुळून आलं तरी पिल्लू गारठतं. गारठलेल्या पिल्लाचं आतडं मंदावतं, पोटात गेलेलं दूध पचत नाही. त्याला आधी हळूहळू ऊब द्यावी, दूध त्यानंतर. उलट मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर हीच पिल्लं उन्हानं तडफडतात, तेव्हा जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. आई नसेल तर गाईच्या दुधावर भागत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. पशुवैद्याकडून पिल्लांसाठीची दूध पावडर आणावी, आणि दर वेळी पाजल्यावर ओल्या कापसानं पोटाखालचा भाग हलकेच पुसावा. पहिले तीन आठवडे पिल्लाला शी-शू आपसूक होत नाही, ती आईच्या चाटण्यानं होते.

‘मांजर पिल्लांना सात घरं फिरवते’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सातचा आकडा निसर्गाच्या वहीत नाही, फिरवणं मात्र खरं आहे. वर्दळ, ओल, पिसवा, जागेला लागलेला वास, परका बोका यांपैकी कशानंही ती मुक्काम हलवते. बोके पिल्लं मारतात हेही ऐकीव नाही, तशा नोंदी अभ्यासकांनी केलेल्या आहेत. आईनं मानगूट धरली की पिल्लू एकदम शांत होतं, पाय पोटाशी घेतं, ओरडत नाही. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की उंदराचं पिल्लू आणि माणसाचं तान्हं बाळ, दोघंही आईनं उचलून चालायला लागताच निवांत होतात आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांनी भक्तीचे दोन प्रकार सांगताना माकडाच्या पिल्लानं आईला धरणं आणि मांजरीनं पिल्लाला धरणं, असे दृष्टान्त दिले. जीवशास्त्र त्यात थोडी भर घालतं, अंग सैल सोडून पिल्लूही आपला वाटा उचलतं. आपण मात्र मानगुटीला धरू नये, दोन्ही तळव्यांवर घ्यावं.

सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात. मेंदूविज्ञानातला एक मोठा शोध याच डोळ्यांशी बांधलेला आहे. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिल्लाची एक पापणी शिवून दोन-तीन महिने बंद ठेवली. पुढे टाके काढले तेव्हा डोळा धडधाकट होता, पण पिल्लाला त्यानं जवळपास काहीच दिसत नव्हतं. मेंदूच्या ज्या पेशींनी त्या डोळ्याचं ऐकायचं, त्या दुसऱ्या डोळ्याकडे वळल्या होत्या. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर असं काही होत नव्हतं. चौथ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतच मेंदू पाहायला शिकत होता. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया लांबवू नये, आळशी डोळ्याच्या मुलाच्या चांगल्या डोळ्यावर लहानपणीच पट्टी बांधावी, या उपचारांना या प्रयोगांनी भक्कम आधार दिला. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. ज्या पिल्लांची दृष्टी त्यात गेली त्यांचं ऋण मला मोठं वाटतं. म्हणून घरातल्या पिल्लाची पापणी पुवानं चिकटून फुगलेली दिसली, तर ‘उघडेल आपोआप’ म्हणत थांबू नये, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

माणसाशी ओळख व्हायचीही अशीच एक वेळ असते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लं वेगवेगळ्या वयांत रोज थोडा वेळ हाताळून पाहिली. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्यांना माणसाचा हात लागला ती पुढे माणसाजवळ निर्धास्त येत. रोज पंधरा मिनिटांपेक्षा चाळीस मिनिटं मिळालेली अधिक लळा लावत. तेव्हा पहिल्या आठवड्यात दूर ठेवलेल्या मुलांना तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांपाशी बसू द्यावं, आईची कुरकुर ऐकून, हळू आवाजात. नखं किंवा दात लागलेच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन आरोग्य केंद्रात जावं, रेबीजची लस डॉक्टर ठरवतील.

याच दिवसांत पुष्कळ घरांतून पिल्लं गोणीत जातात आणि मासळी बाजाराच्या मागे सोडली जातात. ‘तिथे खायला मिळेल’ असं मनाला सांगितलं जातं. महिन्याचं पिल्लू मासळीवर जगत नाही, आणि इतर मांजरांशी कसं वागायचं तेही ते अजून आई-भावंडांकडून शिकत असतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात सुमारे पावणेसहा हजार मांजरांची माहिती तपासली गेली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्यांत आक्रमकपणा जास्त आढळला आणि पिल्लं चौदा आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवावीत असा सल्ला संशोधकांनी दिला. चाळीतल्या एका खोलीत तितकं जमणं कठीण आहे, हे मला समजतं. आठ आठवडे मात्र जमवायलाच हवेत.

त्या आठ आठवड्यांत एक गोष्ट विसरायची नाही, ती म्हणजे आई. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. युरोपातल्या हिवाळ्यात छोट्या दिवसांमुळे तो थांबतो. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो, शिवाय घरातली ट्यूबलाइट रात्री उशिरापर्यंत चालू. त्यामुळे इथल्या मांजरीला बाराही महिने मोकळे असतात आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. दूध तुटताच नसबंदीची तारीख पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी आणि तोवर संध्याकाळनंतर तिला घराबाहेर सोडू नये, मग बोक्यानं खिडकीखाली कितीही हाका मारल्या तरी.