ख्रिस्ती धर्मशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या उच्च शिक्षणात पुण्याचं स्थान देशात वरचं आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे स्थापन केलेली कॅथलिक सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी शिक्षणसंस्था) १९५५ मध्ये पुण्यात आली, आणि त्याच परंपरेतलं ज्ञानदीप विद्यापीठ आज नगर रस्त्यावर आहे. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये बिबवेवाडीत आली. देशाच्या कानाकोपऱ्यातले विद्यार्थी इथे शिकतात. तरीही या शिक्षणात नेमकं काय असतं, याबद्दल मराठी समाजात, अगदी ख्रिस्ती कुटुंबांतही, बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : धर्मशास्त्र शिकायचं म्हणजे पाद्रीच व्हायचं.

वस्तुस्थिती : पदवी आणि पाद्रीपदाची दीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी शिक्षणसंस्था देते. दीक्षा द्यायची की नाही, हे चर्च ठरवतं. दीक्षेसाठी चर्च सहसा हे शिक्षण मागतं, पण ते घेतलेल्या प्रत्येकाला दीक्षा मिळतेच असं नाही आणि प्रत्येकाला ती हवी असते असंही नाही. धर्मभगिनी, शिक्षक, समाजकार्यकर्ते, बायबलचे अनुवादक असे अनेकजण हे शिक्षण घेतात. धर्मशास्त्रीय विचारात मोलाची भर घालण्यासाठीही दीक्षा लागत नाही. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले केरळचे एम. एम. थॉमस हे विसाव्या शतकातले जगभर वाचले गेलेले धर्मचिंतक. त्यांनी दीक्षा घेतलेली नव्हती. १९९० ते १९९२ या काळात ते नागालँडचे राज्यपाल होते.

गैरसमज : पदवीधर झाल्यावर थेट एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) करता येतं.

वस्तुस्थिती : इथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण ही शिडी एम.ए., एम.एस्सी.सारखी नाही. प्रॉटेस्टंट परंपरेत कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर आधी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करावी लागते. नावात ‘बॅचलर’ असलं तरी ती पदवीनंतरची पदवी आहे आणि तिला काही वर्षं द्यावी लागतात. त्यानंतर एम.टीएच., आणि मग डॉक्टरेट. एम.टीएच.ला एक विशेष शाखा निवडून प्रबंध लिहावा लागतो. कॅथलिक परंपरेत तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांची पहिली पदवी, त्यानंतर सुमारे दोन वर्षांचं लायसेन्शिएट आणि शेवटी डॉक्टरेट असा क्रम असतो. सेमिनरीत शिकवायचं असेल तर लायसेन्शिएट ही मुख्य पात्रता मानली जाते.

गैरसमज : बायबल पाठ केलं आणि प्रवचन जमलं की झालं.

वस्तुस्थिती : बायबलच्या शाखेत जाणाऱ्याला जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्या करारासाठी ग्रीक शिकावी लागते. ग्रंथ कोणत्या काळात, कोणासाठी लिहिला गेला, त्याच्या हस्तलिखितांत फरक का पडले, याची छाननी करावी लागते. चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, समुपदेशन, स्त्री-अभ्यास, इतर धर्मांचा अभ्यास हेही विषय असतात. मूळ भाषांच्या अभ्यासाचं मोल मराठीला नवं नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

गैरसमज : हे सगळं परदेशी विचारांचं पाठांतर आहे.

वस्तुस्थिती : भारतीय ख्रिस्ती विचार हा या अभ्यासक्रमांतला महत्त्वाचा भाग आहे. ब्रह्मबांधव उपाध्याय, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई यांच्या विचारांवर प्रबंध लिहिले जातात. धर्मशास्त्राचे अभ्यासक अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानातून दलित धर्मशास्त्राच्या चर्चेला मोठी चालना मिळाली. दलित ख्रिश्चनांचं दुःख बाजूला ठेवून भारतात देवाविषयी बोलता येणार नाही, ही त्या विचारामागची भूमिका आहे. आज हा विषय परदेशी विद्यापीठांतही अभ्यासला जातो.

गैरसमज : या पदव्यांना कायद्याचा आधार नाही. किंवा याच्या उलट, भिंतीवर प्रमाणपत्र लावलं की कोणतीही पदवी खरीच.

वस्तुस्थिती : दोन्ही समज चुकीचे आहेत. आधी कायद्याचा आधार पाहू. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये बंगालात श्रीरामपूर कॉलेज स्थापन केलं. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. डॅनिश राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ मध्ये सनदेद्वारे कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला, आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याखालची सिनेट आज देशभरच्या संलग्न कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना बी.डी., एम.टीएच. आणि डॉक्टरेट देते.

कॅथलिक संस्थांच्या धर्मशास्त्रीय पदव्यांमागे व्हॅटिकनची मान्यता असते. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या संस्थेची मान्यता चर्चच्या वर्तुळात चालते. मात्र ती सरकारी मान्यता नव्हे. मद्रास आणि म्हैसूर या सरकारी विद्यापीठांत ख्रिस्ती अभ्यासाचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथल्या पदव्या त्या-त्या विद्यापीठाच्या असतात आणि कोणत्याही धर्माचा विद्यार्थी तिथे शिकू शकतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पैसे भरून मिळणाऱ्या ‘मानद डॉक्टरेट’ आहेत. अभ्यास नाही, प्रबंध नाही, तरी नावामागे ‘डॉ.’ लागतं. पाळकावर विश्वास टाकणाऱ्या मंडळीची ही फसवणूक आहे आणि वर्षानुवर्षं हिब्रूची क्रियापदं घोटणाऱ्या विद्यार्थ्याचा हा अपमान आहे. चर्चमधल्या मंडळींनी याबद्दल मोकळेपणाने प्रश्न विचारले पाहिजेत.

प्रवेश घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पदवी नेमकी कोण देणार? ती आपलं चर्च मानतं का? आणि पुढे सरकारी नोकरी किंवा इतर विद्यापीठात संशोधन करायचं असेल, तर तिथे तिची समकक्षता धरली जाते का? शुल्क भरण्याआधी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हातात असली पाहिजेत. जी संस्था ती द्यायला टाळाटाळ करते, तिथे प्रवेश घेऊ नका.