एअरब्रश कॉम्प्रेसर
एअरब्रश कॉम्प्रेसर हे रंगाच्या बारीक फवाऱ्यासाठी दाबाखालील हवा पुरवणारे लहान यंत्र होय. नेहमीच्या कामास १ ते २ बार दाब पुरतो. याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ पाण्यात असते. हवा दाबली की तापते. ती निवताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि थेंब थेट रंगावर पडतात. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या गणेशमूर्ती रंगवण्याच्या हंगामात, हा त्रास वाढतो. म्हणून नळीवर पाणी टिपणारा फिल्टर बसवतात. काम संपल्यावर टाकीतील दाब उतरवून तळाच्या झडपेतून पाणी काढावे लागते. ते साचून राहिल्यास टाकी आतून गंजते, बाहेरून मात्र काही दिसत नाही; अशी टाकी दाबाखाली फुटू शकते. एअरब्रश बंद असूनही मोटर वारंवार सुरू होत असल्यास कोठेतरी गळती असते. सांध्यांना साबणाचे पाणी लावल्यावर तेथे बुडबुडे येतात.